एक घंटी कोणीही मारावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाताळच्या सुट्टीतल्या बर्फाच्या सहलींवर पानभर मजकूर आला होता. मनालीहून सोलंग, अटल बोगद्यातून सिस्सू, श्रीनगरहून गुलमर्ग, जोशीमठहून औली. सकाळी निघा, बर्फात खेळा, संध्याकाळी हॉटेलवर परत. कोट कुठं भाड्यानं मिळतो, मॅगी कुठं गरम मिळते, फोटो कुठं चांगला येतो, सगळं होतं. खाली पाच-सहा जाहिराती होत्या. फक्त गाडी आणि ती चालवणारा माणूस यांच्याबद्दल अख्ख्या पानात एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मधलं कापा, शेवटचं नको.

मी संगमनेर आगारातून निवृत्त झालेला एस.टी.चा चालक. एकतीस वर्षांत चंदनापुरी, माळशेज, कसारा हे घाट किती वेळा चढलो-उतरलो त्याचा हिशेब नाही. माळशेजला दरड कोसळल्यावर रात्रभर गाडीत उतारूंबरोबर बसून काढलेली आहे. विना अपघात सेवेचा बिल्ला घरी कपाटात आहे. एवढं सांगतो ते मोठेपणासाठी नाही. हा माणूस बर्फात काय मूर्खपणा करू शकतो ते पुढं येणार आहे.

नव्या पिढीला घंटीची पद्धत माहीत नसेल. आमच्या लाल गाडीत छताला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी असायची, चालकाच्या डोक्यावर घंटी. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. दोन घंट्या देण्याचा अधिकार फक्त कंडक्टरचा. एक घंटी मात्र कोणाच्याही हातची चालते. मागच्या सीटवरच्या म्हातारीनं दोरी ओढली तरी पाय ब्रेकवर जातो. कशाला ओढली ते थांबल्यावर विचारायचं.

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही आगारातली चार जोडपी मनालीला गेलो. अटल बोगदा तेव्हा सुरू व्हायचा होता आणि रोहतांग हिवाळ्यात बंदच असतो, तेव्हा बर्फ म्हणजे सोलंग. हॉटेलवाल्यानं बारा सीटची गाडी ठरवून दिली. चालक तिकडचाच, पंचविशीचा पोरगा. वाटेत ओळीनं कोट-बुटांची दुकानं लागतात, प्रत्येकावर नंबर घातलेला. एका नंबरच्या दुकानासमोर गाडी उभी राहिली. दुकानदारानं आम्हाला आठ झुळझुळीत कोट चढवले. लाल, पिवळे, आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाचा वास असलेले. पायात गमबूट. आमच्या मंडळींनी साडी वर खोचून त्यावर कोट घातला आणि आरशात बघून म्हणाल्या, "मी गॅसच्या सिलिंडरसारखी दिसते." सगळे हसले. पैसे आगाऊ दिले.

नेहरू कुंडाच्या पुढं दोन-तीन वळणं गेल्यावर पोरानं गाडी बाजूला घेतली. समोर चढ होता, काळाभोर, ओलसर चकचकीत. बर्फ असा दिसतच नव्हता. पोरगा म्हणाला, "सर जी, आगे पाला है. धूप आने दो, नहीं तो वापस." पाला म्हणजे आपल्याकडं झाडाचा. तिकडं पाला म्हणजे डांबरावर रात्री गोठलेला पाण्याचा पातळ थर, काचेसारखा.

गाडीत गलका झाला. एवढ्या लांबून आलो आणि बर्फ न बघता जायचं? कोटांचे पैसे कोण देणार? उद्या तर परतीची गाडी आहे. एका वहिनी, आमच्या आगारातल्या मेकॅनिकच्या घरातल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, तो नाही म्हणतोय तर राहू द्या ना." ते कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं होतं. ऐकून मी उठलो, पुढं गेलो आणि त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "बेटा, मैं भी ड्रायवर हूँ, तीस साल. फर्स्ट में डालो, चढ जाएगी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग पहिला गिअर टाकला. गाडी पंचवीस-तीस फूट गेली, मागची चाकं जागीच फिरायला लागली आणि गाडी मागं सुटली. ब्रेक लागलेला होता, चाकं थांबलेली होती, तरी गाडी घसरत होती. तो आवाज अजून आठवतो, म्हणजे आवाज नव्हताच. घाटात ब्रेक निकामी झाला तर चाकं गरगरतात, वास येतो, काहीतरी कळतं. इथं सगळं शांत आणि खिडकीतून दगडी कठडा जवळ येतोय. मागचा कोपरा कठड्याला आदळला आणि गाडी थांबली. कठड्यापलीकडं बियास.

त्याच वहिनींच्या मनगटाचं हाड मोडलं. बाकी कोणाला काही नाही. पोरानं उतरून चाकांमागं दगड लावले. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी हॉटेलवर कळलं की मागच्या दिव्याचे आणि पत्र्याचे पैसे मालक त्याच्या पगारातून कापणार. आम्ही वर्गणी काढून दोन हजार रुपये दिले. त्यानं ते घेतले, मोजले नाहीत.

चिखलात रुतलेली गाडी काढताना आम्ही दुसऱ्या गिअरवर काढतो, म्हणजे चाकाला जोर कमी मिळतो आणि ते जागीच फिरत नाही. हे मला पोरवयापासून ठाऊक. तिथं काचेवर उभं राहून मी त्याला पहिला टाकायला सांगितलं. आणि दुसऱ्या गिअरवरही ती चढली असती असं नाही. चाकांना बांधायची चेन नव्हती. गिअर कोणता हा प्रश्नच नव्हता.

यानंतर बर्फाचं नाव काढायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. पण मुलगी अमेरिकेत सिएटलजवळ राहते, आणि गेल्या हिवाळ्यात चार महिने तिच्याकडं राहायचा योग आला. तिथले लोक हिवाळ्यात शनिवार-रविवारी डोंगरात जातात, अगदी आपले लोक पावसाळ्यात सिंहगडाला किंवा भंडारदऱ्याला जातात तसे. पहाटे निघायचं, दुपारपर्यंत बर्फात चालायचं किंवा स्की करायचं, अंधाराआधी घरी. जावई म्हणाले, "बाबा, चला." मंडळींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, जाऊ, पण मी पुढच्या सीटवर बसणार नाही.

मला पहिल्यांदा नवल वाटलं ते आदल्या रात्रीचं. जेवणं झाल्यावर मुलगी आणि जावई टेबलाशी बसले. एकानं खिंडीतल्या रस्त्यावरचे कॅमेरे फोनवर उघडले. सरकारी रस्ते खात्यानं घाटात जागोजागी कॅमेरे लावलेत, त्यात या घडीला डांबर दिसतंय की पांढरं, ते घरबसल्या कळतं. दुसरीनं हिमस्खलनाचा अंदाज उघडला. वायव्य भागासाठी एक केंद्र आहे, ते हिवाळ्यात रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा अंदाज देतं. डोंगराच्या कोणत्या बाजूला, किती उंचीवर, किती धोका, पाच पायऱ्यांत. आपल्याकडं पावसाचा यलो-ऑरेंज-रेड अलर्ट असतो, तसंच. मग फ्रिजवर एक चिठ्ठी लागली: कुठं जातोय, गाडी कुठं लावणार, आणि "परत फिरायची वेळ १ वाजता". पोचायची वेळ लिहिलीच नव्हती. जानेवारीत तिथं पावणेपाचला अंधारून येतं.

गेलो ते स्नोक्वालमी खिंडीत. सिएटलहून पन्नास-पंचावन्न मैल, सहा पदरी रस्ता, ५४ नंबरच्या एक्झिटला खाली उतरायचं. खिंडीची उंची ३,०२२ फूट, म्हणजे ९२१ मीटर. आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी. पण तिथला अक्षांश ४७, आणि प्रशांत महासागरावरून येणारी ओल सरळ या डोंगरांना धडकते, त्यामुळे बर्फ पडतो तो फुटांनी. वाटेत पाट्या: अमुक टायर असावेत, चेन बंधनकारक. नोव्हेंबर ते मार्च ट्रक आणि अवजड गाड्यांनी हवा कशीही असली तरी चेन जवळ बाळगायलाच हवी असा कायदा आहे. जावयांच्या डिकीत चेनची पिशवी होती. आदल्या आठवड्यात त्यांनी अंगणात कोरड्या जमिनीवर त्या दोनदा चढवून-उतरवून पाहिल्या होत्या. मला आवडलं. स्टेपनी लावायचा सराव पंक्चर झाल्यावर करायचा नसतो.

त्या एक्झिटच्या थोडं पुढं रस्ता तळ्याच्या काठानं जातो आणि एका बाजूला उंच पूल लागतात. मला वाटलं खाली ओढा असेल. जावई म्हणाले, ओढा नाही, वरून बर्फाची दरड आली तर ती पुलाखालून तळ्यात निघून जावी म्हणून केलेत. मी काच खाली करून बघत राहिलो. माळशेजला दरडीखाली सापडलेली गाडी पाहिलेल्या माणसाला त्या पुलाची किंमत कळते. जिथं पूल नाहीत तिथं रस्ता बंद करून, मुद्दाम स्फोट करून, साठलेला बर्फ आधीच पाडून टाकतात. शेजारच्या स्टीव्हन्स खिंडीत या कामाला बरीच वर्षं लष्कराचे जुने रणगाडे वापरत होते. हे ऐकून माझा नातू मला म्हणाला, "आजोबा, तुमच्या घाटात पण टँक ठेवा." मी म्हटलं, आमच्याकडं जेसीबी असतो, तो दरड पडल्यावर येतो.

आता बर्फात चालायला पायात घालतात त्या स्नो-शूबद्दल. नाव ऐकून मला वाटलं बूट असतील. ते बूट नाहीत, बुटाखाली बांधायची सुपं आहेत. पूर्वी लाकूड वाकवून त्यात चामड्याची जाळी विणायचे, आता ॲल्युमिनियमची चौकट आणि प्लॅस्टिकचा पडदा, खाली लोखंडी दात. पुढचा पाय पट्ट्यांनी आवळायचा, टाच मोकळी. वजन सुपभर पसरतं म्हणून माणूस बुडत नाही. हे मला पाठ्यपुस्तकासारखं समजलं होतं, पण पटलं ते वेगळ्या तऱ्हेनं. अर्ध्या मैलावर डाव्या पायाची पट्टी सैल झाली. ती आवळायला मी सुप काढलं आणि सवयीनं पाय खाली टेकला. पाय टेकलाच नाही. मांडीपर्यंत आत गेला आणि मी एका पायावर अधांतरी, कोलांटी घेतल्यासारखा बाजूला पडलो. ओढून पाय काढला तर बूट आतच. नातू आणि नात कोपरापर्यंत हात घालून बूट शोधत होते आणि मोज्यातला पाय मी हवेत धरून बसलो होतो. तिथला बर्फ पिठासारखा भुरभुरीत नाही, ओल्या रव्यासारखा जड आहे. तिथले लोकच त्याला काँक्रीट म्हणतात.

आम्ही चाललो ती वाट म्हणजे पूर्वीच्या रेल्वेचा रूळ काढलेला मार्ग आहे. चढ नावाला. यंत्रानं बर्फ दाबून सपाट केलेला आणि एका कडेला दोन समांतर खोबणी पाडलेल्या, स्कीवाल्यांसाठी. बैलगाडीच्या चाकोरीसारखी अगदी. मी सुपं घालून सरळ त्या चाकोरीतून चाललो होतो, मोकळी दिसली म्हणून. मागून एक सत्तरीच्या बाई स्कीवरून आल्या, थांबल्या, हसून काही बोलल्या. नातीनं सांगितलं, "आजोबा, चाकोरी मोडायची नाही, आपण कडेनं चालायचं." आयुष्यभर पोरांना चाकोरी मोडा, चाकोरी मोडा असं भाषणांतून ऐकवतात. इथं उलटं होतं. मी कडेला झालो.

मंडळींनी आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली. आत लोकरीचं, वर वाऱ्याचं जाकीट. सुती काही घालायचं नाही हा मुलीचा हुकूम, कारण सुती कापड घामानं ओलं झालं की वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं. माझी बंडी तिनं घरीच काढायला लावली होती. माकडटोपी मात्र मी सोडली नाही. मंडळी शंभर पावलांनंतर थांबल्या आणि म्हणाल्या, "ऐका." काहीच ऐकू येत नव्हतं. पाणी नाही, पाखरू नाही. देवदारासारख्या एका झाडावरून ओंजळभर बर्फ घसरला, तेवढाच आवाज झाला. सोलंगला याक होते, स्कूटर होत्या, लाउडस्पीकर होता. मंडळी म्हणाल्या, बर्फ असा असतो होय?

संक्रांत दोन दिवसांवर होती म्हणून गुळपोळ्या केल्या होत्या. बाजरीची भाकरी पण नेली होती. थंडीत भाकरीचं कौल होतं, दातांना जुमानत नाही. गुळपोळी मात्र खुसखुशीत राहते, वर पातळ केलेलं तूप परत थिजून पांढरं होतं, तेही चांगलं लागतं. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी भाकरी नेऊ नये.

नातू खिंडीतल्या मैदानावर स्की शिकतो. तिथं रात्रीही दिवे लावून स्की चालतं. मी कुंपणाला टेकून तासभर त्याचा वर्ग पाहिला, कारण मला एकच कुतूहल होतं: हिला ब्रेक कुठाय? ब्रेक नाही. पोरांना शिकवतात, पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा आकार करा की वेग कमी होतो. दोन्ही सरळ समांतर ठेवल्या की फ्रेंच फ्राइज, म्हणजे सुसाट. मास्तरीण पोरी ओरडत होत्या, "पिझ्झा! पिझ्झा!" आणि पोरं उतारावर ब्रेक मारत होती. पहिला अर्धा दिवस थांबणं आणि पडणं, एवढंच. पळणं नंतर. आमच्या ट्रेनिंगलाही हेच असायचं, पण ते दाढी-मिशा आल्यावर.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

फेब्रुवारीत एका शनिवारी माउंट रेनियर या तिथल्या बर्फाच्या डोंगराला निघालो. जिथं जायचं होतं त्या जागेचं नाव पॅराडाइज, उंची ५,४०० फूट. मी नकाशावर आकडा पाहिला आणि मंडळींना म्हटलं, ही तर आपल्या कळसूबाईची उंची. कळसूबाई ५,४०० फूट, आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात. तिथं मी तीनदा जाऊन आलोय, चणे-फुटाणे खात. त्याच उंचीवर या पॅराडाइजला १९७१-७२ च्या हिवाळ्यात १,१२२ इंच, म्हणजे साडेत्र्याण्णव फूट बर्फ पडल्याची नोंद आहे. नऊ मजली इमारत. आकडा दोन-तीनदा विचारून घेतला.

पायथ्याला लाँगमायर म्हणून ठिकाण आहे. तिथून वरचा रस्ता रोज रात्री फाटक लावून बंद करतात. सकाळी बर्फ उपसून झाला आणि हवा बरी असली तरच उघडतात. १ नोव्हेंबर ते १ मे प्रत्येक गाडीत चेन पाहिजे, चारही चाकं इंजिनावर फिरणारी असली तरी. आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंद, पुढं पंधरा-वीस गाड्या. तासभर थांबलो. बारीक बर्फ पडत होता. मग फाटक उघडलं, रेंजर एकेका गाडीला हातानं पुढं घ्यायला लागला. जावयांनी गाडी चालू केली.

मागच्या सीटवरून माझी नात म्हणाली, "मला नको वाटतंय." वय वर्षं अकरा. का, ते तिला सांगता येत नव्हतं. पोटात कसंतरी होतंय असं काहीतरी.

मी तोंड उघडणार होतो. खोटं कशाला बोलू. माझ्या तोंडात शब्द तयार होते: अगं, एवढ्या लांबून आलो, फाटक उघडलंय, सरकारी माणूस जा म्हणतोय. तेवढ्यात जावयांनी इंडिकेटर दिला, रांगेतून गाडी बाहेर काढली आणि पार्किंगला लावली. मुलगी म्हणाली, "ओके, मग इथंच फिरू." झालं. कोणी का विचारलं नाही, कोणी उसासा टाकला नाही. लाँगमायरला खनिज पाण्याच्या झऱ्यांच्या कुरणाभोवती पाऊण मैलाची एक सपाट वाट आहे. तिथं सुपं घालून दोन फेऱ्या मारल्या, थर्मासमधला चहा प्यालो, एकला गाडी परतीला लागली. मी गप्प होतो. खरं सांगायचं तर फुगलो होतो.

त्या दिवशी वर काहीही झालं नाही. रस्ता नीट होता, गेलेले सगळे संध्याकाळी सुखरूप उतरले. दुसऱ्या दिवशी ते मी मुद्दाम फोनवर शोधलं आणि जेवताना बोलून दाखवलं. मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, आमच्या ग्रुपमध्ये नियम आहे. जायचं असेल तर सगळ्यांनी हो म्हणायचं, परत फिरायला एकानं नको म्हटलं तरी पुरे. आणि ज्यानं नको म्हटलं त्याला नंतर चिडवायचं नाही. नाहीतर पुढच्या वेळी तो बोलत नाही."

दोन घंटी, एक घंटी. एकतीस वर्षं डोक्यावर जी वाजत होती ती मला पोरीनं सिएटलमध्ये समजावून सांगितली. आणि सोलंगच्या रस्त्यावर दोघांनी दोरी ओढली होती, त्या पोरानं आणि त्या वहिनींनी. मी ब्रेक मारण्याऐवजी दोन घंट्या दिल्या.

कोणी म्हणेल, चालकाचं ऐका एवढंच सांगायचं तर इतकं पुराण कशाला. पण तेवढंच नाही. मुलीच्या गावच्या वाचनालयात मी एक जुना फोटो पाहिला आणि तिच्याकडून त्याची हकीकत वाचून घेतली. १९१० च्या फेब्रुवारीत याच डोंगरांत, स्टीव्हन्स खिंडीजवळ वेलिंग्टन नावाच्या स्टेशनात, दोन गाड्या बर्फामुळं अडकल्या, एक उतारूंची आणि एक टपालाची. जवळपास आठवडाभर. वरच्या उतारावरचं जंगल आधीच जळून गेलेलं, बर्फ धरून ठेवायला झाडं नाहीत. उतारू घाबरले होते. गाडी मागं बोगद्यात घ्या, असं ते म्हणत होते. बोगद्यात धूर, थंडी, जेवणखाण पोचायची अडचण, म्हणून रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी ती होती तिथंच ठेवली. १ मार्चच्या पहाटे विजा कडाडल्या, वरचा उतार सुटला आणि दोन्ही गाड्या दरीत गेल्या. ९६ माणसं मेली. अमेरिकेत हिमस्खलनात एका वेळी इतकी माणसं त्याआधी आणि त्यानंतर मेलेली नाहीत. पुढं त्या स्टेशनाचं नावसुद्धा बदललं. तिथं घंटी उतारूंनी मारली होती आणि थांबवणाऱ्यांच्या कानावर ती आली नाही. म्हणून माझं म्हणणं चालकाचं ऐका असं नाही. ज्याला कोणाला नको वाटतंय त्याचं ऐका.

आपल्याकडं काय चाललंय तेही पाहा. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. ९.०२ किलोमीटर, उत्तम काम, एक चालक म्हणून मी त्याला नमस्कार करतो. पण त्यामुळं सिस्सूची सहल एका दिवसात होते आणि ज्यानं कधी पाला पाहिला नाही असा पुण्या-मुंबईचा माणूस स्वतःची गाडी घेऊन तिथं जातो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सोलंग भागात बर्फ पडला तेव्हा हजारो पर्यटक अडकले, पोलिसांनी त्यांना रात्रीतून बाहेर काढलं. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथू ला रस्त्यावर बर्फाची दरड आली, सात पर्यटक गेले. एप्रिलमध्ये, म्हणजे आपल्याकडं कैऱ्या लागतात तेव्हा. सीमेपलीकडं पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या गावी जानेवारी २०२२ मध्ये गाड्या बर्फात अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं गाडीतच गेली. त्यातली बरीच थंडीनं नाही, तर इंजिन चालू ठेवून काचा बंद करून बसल्यानं. सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं की विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो. अडकलात तर आधी उतरून सायलेन्सर मोकळा करा, काच बोटभर उघडी ठेवा. हे एक वाक्य तुमच्या पुरवणीत मॅगीच्या शेजारी बसलं असतं.

आपल्याकडं अंदाज देत नाहीत असंही नाही. चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे देते. पूर्वी तिला 'सासे' म्हणायचे, आता 'डीजीआरई' म्हणतात. ते इशारे मराठी पर्यटकाच्या हातात पडत नाहीत, एवढंच. तुम्ही समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापता, धरणांचा साठा छापता. डिसेंबर ते एप्रिल त्याच्या शेजारी दोन ओळी: आज कोणत्या रस्त्यावर बर्फ, कुठं इशारा. जागा किती लागेल?

दुसरी विनंती जाहिरातदारांना, तुमच्यामार्फत. 'स्नो पॉइंटची हमी' असं छापू नका. ती हमी तुम्ही देत नाही, पंचवीस वर्षांचा एक पोरगा देतो, ज्याच्या पगारातून पत्र्याचे पैसे कापले जातात. त्याऐवजी छापा, गाडीत चेन आहे, चालकाला ती चढवता येते, आणि त्यानं गाडी परत वळवली तर त्याचे पैसे कापणार नाही. असं छापणाऱ्याकडं मी माझ्या ओळखीची दहा गिऱ्हाइकं स्वतः पाठवीन.

आणि जाणाऱ्यांना: आदल्या रात्री हॉटेलवर सगळ्यांदेखत ठरवा की उद्या कोणी एकानं नको म्हटलं तर गाडी वळेल. भाड्याचे कोट घेण्याआधी ठरवा. कोट अंगावर चढले की माणूस ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे.

त्या वहिनींचं मनगट आता बरं आहे, पावसाळ्यात दुखतं म्हणतात. हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी हळू बोलले होते, भाऊजी, तुम्हाला ऐकू गेलं नसेल." मी म्हटलं, गेलं होतं.

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक,
संगमनेर, जि. अहिल्यानगर

ता. क. — भाड्याचा गमबूट पायात घालण्याआधी आत हात घालून बघावा. बोटांना ओल लागली तर दुसरा जोड मागावा. दुकानदार म्हणतो, चालून चालून गरम होईल. होत नाही.